खोडण्याआधी छेद बघा: कॅल्क्युलसपूर्वीची तयारी

मराठी माध्यमातून दहावी करून तालुक्याला अकरावी सायन्स घेतलं की बहुपदीचं पॉलिनॉमिअल होतं, कोटीची (सर्वांत मोठ्या घातांकाची) डिग्री. नावं बदलली तरी गणित नववीचंच. अवयव पाडता येत नसतील तर लिमिटचा (किंमत एका संख्येजवळ नेली की उत्तर कशाजवळ जातं, त्याचा) धडा उघडण्याआधी आठवडाभर तेवढंच करा.

एका बहुपदीला दुसरीने भागलं की रॅशनल फंक्शन. पुस्तकातल्या एक्सला इथे क्ष म्हणू:

य = (क्ष² − क्ष − ६) / (क्ष² − ९)

अवयव पाडा. वर (क्ष − ३)(क्ष + २), खाली (क्ष − ३)(क्ष + ३). आता लगेच खोडू नका. छेद कुठे शून्य होतो ते आधी समासात लिहा: ३ आणि −३. खोडल्यावर ३ ची खूण कुठेच उरत नाही, आणि मार्क तिथेच जातात.

मग (क्ष − ३) खोडा. उरतं (क्ष + २)/(क्ष + ३). खोडलेल्या ३ वर आलेखात भोक पडतं: उंची ५/६, तिथे पोकळ टिंब काढा. न खोडलेल्या −३ वर उभी तुटक रेषा. तिच्याजवळ काय होतं ते किमती घालूनच बघा: −२.९९ ला य = −९९, −३.०१ ला १०१. म्हणजे आलेख उजवीकडून खाली कोसळतो, डावीकडून वर जातो. ३ जवळ मात्र शांत: २.९९ ला ०.८३३१, ३.०१ ला ०.८३३६. म्हणून ३ ला लिमिट आहे, −३ ला नाही.

(क्ष + २)/(क्ष + ३) मधला क्ष खोडून २/३ लिहिणारे पुष्कळ. क्ष = १ घाला, ३/४ येतात. बेरजेतलं पद खोडता येत नाही, फक्त गुणाकारातला अवयव.

क्ष खूप मोठा झाला तर? समजा थ्रेशर शेतात आणायचे १५०० रुपये, वर क्विंटलमागे २००. क्ष क्विंटलला सरासरी (२००क्ष + १५००)/क्ष. ५ क्विंटलला ५००, ५० ला २३०. २०० च्या जवळ जातं, पोचत नाही. वरखाली कोटी सारखी असेल तर आलेख ज्या आडव्या रेषेजवळ जातो ती म्हणजे सर्वांत मोठ्या घाताच्या पदांच्या सहगुणकांचं गुणोत्तर. छेदाची कोटी मोठी असेल तर शून्य.

क्ष² च्या आलेखाचा ३ पाशी चढ काढायचा तर ३ पासून थोडं पुढे, ह इतकं सरका: ((३ + ह)² − ९)/ह. ह = ० ला पुन्हा तेच भोक. सोडवून ६ + ह, लिमिट ६. डेरिव्हेटिव्ह म्हणतात ते हेच.