शिट्टीतून उडालेला गूळ

डिसेंबरातल्या थंडीत मंडईतून सफरचंदं आणि नाशपाती आणली, फोडी केल्या आणि गूळ, दालचिनी, लवंग घालून थेट कुकरात टाकल्या. तीन शिट्ट्या! तिसरीला फळांचा फेसच बाहेर उडाला. ओट्यावर गुळाचा सडा, तळाला कोळसा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, वरणाला डबा लावतेस, मग फळांना का नाही?"

खरंच की. आता तळाला दोन पेले पाणी, त्यावर जाळी, जाळीवर झाकणाचा डबा. फळं शिजताना फेसाळतात आणि वाफेची वाट तुंबवतात. डब्यात ती भीती कमी. फळ जरा कडकच निवडते, फोडी मोठ्या ठेवते. गूळ आणि लिंबाचा रस आधीच घालते, त्याने फोड लवकर मोडत नाही. डब्यात पाणी अजिबात नको, रस भरपूर सुटतो. कुकरात तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून एकच शिट्टी आणि गॅस बंद; वाफ आपोआप जिरू द्यायची. लवंगा मात्र दोनच. चार घातल्या तेव्हा घरभर दाताच्या दवाखान्याचा वास!

उरलेला पाक दुसऱ्या दिवशी पोळीबरोबर संपला.