इस्त्रीतून तपकिरी पाणी गळायचं, त्यावर मी काय केलं

आईच्या जुन्या सुती नऊवारीतून भाचीचं परकर-पोलकं शिवत होते. गळ्याला बकरम, म्हणजे गळा ताठ ठेवणारं, गरम इस्त्रीने चिकटणारं अस्तर लावलं, वाफेचं बटण दाबलं आणि मोतिया रंगावर टपटप तपकिरी थेंब! जीव हळहळला. लगेच धुतलं म्हणून डाग निघाले.

मूळ कारण आमचं बोअरचं पाणी. जड पाण्यातले कॅल्शियमचे क्षार तापल्यावर टाकीत आणि वाफेच्या भोकांत बसतात. हीटरच्या कॉइलवर धरतो ना पांढरा थर, तोच हा.

पुस्तिकेत टाकीत व्हिनेगर घालू नका असं बजावलं होतं. मग टाकी काठोकाठ भरली, इस्त्री पूर्ण तापवली, प्लग काढला आणि मोरीवर आडवी धरून सेल्फ-क्लीनचं बटण दाबून ठेवलं. हलकेच पुढे-मागे हलवत राहिले. आधी कोऱ्या चहासारखं पाणी आलं, मग पांढऱ्या कपच्या. तिसऱ्या खेपेला नितळ. हात मात्र वाफेपासून लांब ठेवा.

तळावर बकरमचा डिंक जळून काळा झाला होता. माझा तळ साध्या स्टीलचा, म्हणून वाफ बंद करून कागदावर पसरलेल्या मिठावरून गरम इस्त्री फिरवली. नॉनस्टिकवर हे करू नका, ओरखडे पडतात.

आता आरओचं पाणी घालते, काम झालं की टाकी रिती करते आणि बकरमवर आधी मलमलचा तुकडा पसरते. पोलकं परवा भाचीने घातलं, गळा अगदी छान बसलाय.