जूनच्या आधी: दप्तर नंतर, शू आधी

आमच्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडते, म्हणजे मूल पहिल्यांदा शाळेत जाणार असेल तर तयारी एप्रिल-मेमध्येच व्हायला हवी. दप्तर, डबा, पाण्याची बाटली एका संध्याकाळी आणून होतं. जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, पत्त्याचा पुरावा यांच्या प्रती काढून एका फाइलमध्ये घाला, विषय संपला. वयाकडे मात्र नीट लक्ष द्या. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत नर्सरीसाठी ३ आणि पहिलीसाठी ६ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. पण डिसेंबरात जन्मलेलं मूल या नियमात बसलं, तरी जूनमध्ये ते अडीचच वर्षांचं असतं. त्याला जमत नसेल तर एक वर्ष थांबा. ‘वर्ष वाया जाईल’ असं घरातलं कोणीतरी म्हणेलच. अडीच वर्षांच्या मुलाचं घरी गेलेलं वर्ष वाया जात नाही.

आता शू. मोठ्या मुलाच्या वेळी आमची नेमकी हीच तयारी राहिली. गाणी पाठ होती, रंग येत होते, पण नव्या पॅंटचं बटण त्याला काढता येत नव्हतं आणि बाईंना सांगायची भीती वाटत होती. तो दाबून धरायचा, मग पाणी पिणंच सोडलं, आणि शेवटी लघवीला जळजळ होऊन डॉक्टरांकडे जावं लागलं. म्हणून सांगते, आधी शू.

कपड्यांपासून सुरुवात करा. इलॅस्टिकची चड्डी, बस्स. बेल्ट नको, घट्ट जीन्स नको, मागून बंद होणारा काही प्रकार नको. गणवेशाच्या पॅंटला हुक असेल तर शिंप्याकडून इलॅस्टिक लावून घ्या, शाळा नाही म्हणाली तर पुन्हा विचारा. मुलानं स्वतः चड्डी खाली करायची, स्वतः वर घ्यायची. तुम्ही हात लावायचा नाही, कितीही उशीर होत असला तरी. घरी कमोड असेल तर उकिडवं बसायला शिकवा, कारण बऱ्याच शाळांमध्ये साधा संडास असतो आणि पाय नेमके कुठे ठेवायचे हेच मुलांना कळत नाही. मग धुणं, पाणी ओतणं, हात साबणानं धुणं.

प्रवेश घेताना वर्ग दाखवतात, खेळणी दाखवतात. तुम्ही बाथरूम दाखवा म्हणा. उजेड आहे का, नळ मुलाच्या हाताला येतो का, पावसाळ्यात फरशी निसरडी होते का, आत कोण घेऊन जातं, हे सगळं विचारा. नेणाऱ्या मावशींशी मुलाची ओळख करून द्या, शाळा सुरू व्हायच्या आधीच. बाईंइतक्याच त्या महत्त्वाच्या आहेत. आणि सांगायची सवय फक्त तुमच्यापाशी नको. आत्याकडे गेलात, शेजारी गेलात, की तिथल्या माणसाला त्यानंच सांगायचं, ‘मला शू लागलीय.’ तुम्ही मध्ये बोलू नका. चड्डी ओली झालीच तर रागावणं अजिबात नाही. दप्तरात कोरड्या चड्डीची पिशवी रोज, पहिल्या आठवड्यापुरती नव्हे, रोज.

डबा मुलाला स्वतः उघडता आला पाहिजे. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा सुंदर दिसतो आणि उपाशी ठेवतो. पोळीचा रोल, छोटी इडली, ओळखीचंच काहीतरी द्या. नवा पदार्थ पहिल्या दिवशी कशाला? रेनकोटवर आतल्या बाजूला नाव लिहा, कारण जूनमध्ये सगळ्या वर्गाचे रेनकोट सारखेच दिसतात.

‘शाळेत गेलास की बाई मारतील बघ’ हे वाक्य घरात कोणीही उच्चारायचं नाही. आजी-आजोबांनाही हे स्पष्ट सांगा, प्रेमानं पण स्पष्ट.

निरोप चोरून घेऊ नका. मूल खेळात रमलं की हळूच सटकायचा सल्ला बरेच जण देतात, पण त्यानंतर ते दिवसभर दाराकडे बघत राहतं. सांगून निघा. ‘बारा वाजता येते’ त्याला कळत नाही, ‘डबा खाऊन गाणं झालं की येते’ हे कळतं. आणि मग खरंच या, पाच मिनिटं आधी.

मे महिन्यात आजोळी झोपेचं वेळापत्रक मोडतंच. परत आल्यावर रोज थोडं थोडं लवकर झोपवा, आदल्या रात्री एकदम जमत नाही. २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय झाला आहे. तुमच्या शाळेची वेळ विचारून घ्या.

लिहायची घाई नको. मटार सोलू दे, कणकेचे गोळे करू दे, बोटांत त्यानंच बळ येतं.

पहिलीत जाताना यातलं बरंचसं पुन्हा करावं लागतं. शाळा मोठी, तास जास्त, मधल्या सुटीत मोठ्या मुलांची गर्दी, आणि बाथरूम लांब. इथेही आधी बाथरूम पाहून या. न्यायला मावशी नसतील, तर सुटी होण्याआधी बाईंना विचारून जायचं हे शिकवा. पाच ते सहा वर्षांचा डीपीटी बूस्टर, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा पुढचा डोस, राहिला असेल तर सुटीतच घ्या. पोषण आहाराची खिचडी खाणार असेल तर हातानं नीट खाता येतं का बघा. बाकी वह्या-पुस्तकं शाळा सांगेल तशी.