मनाला वळण लावताना या चुका टाळा

पावसाने ओढ दिली की मराठवाड्यात घरोघरी एकच सल्ला ऐकू येतो: "इचार नका करू." सोयाबीन फुलोऱ्यात माना टाकून उभं, डोक्यावर पीककर्ज, आणि म्हणे विचार करू नका! मनाला वळण लावायला निघालेला माणूस सगळ्यात आधी इथेच चुकतो. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने काही जणांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार मनात आणू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. शिवाय बंदी उठल्यावर त्यांना अस्वल जास्तच आठवू लागलं. दाबलेला विचार असाच उसळून वर येतो.

मग करायचं काय? काळजीला वेळ नेमून द्या. रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं वही घेऊन बसा. सोसायटीचं देणं किती, कृषी केंद्रावरची उधारी किती, पोराची फी कधी भरायची, सगळं उतरवा. त्यातलं जे आपल्या हातात आहे, त्याखाली रेघ ओढा. पाऊस हातात नाही, पण उधारीला मुदत मागणं आहे. दिवसभरात तोच विचार परत आला तर त्याला हाकलू नका, संध्याकाळवर ढकला. पहिले काही दिवस हे जमत नाही, तरी वही सोडू नका.

दुसरी चूक लातूरच्या खोल्याखोल्यांत दिसते. नीटची तयारी करणारी पोरं भिंतीवर 'एमबीबीएस' लिहितात आणि रोज डोळे मिटून पांढरा कोट बघतात. गॅब्रिएल ओटिंजन या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या अभ्यासांत दिसलं, की नुसतं गोड चित्र रंगवणाऱ्यांचे प्रयत्न उलट कमी पडतात. चित्राशेजारी अडथळाही मांडा आणि त्यावर तोड आधीच ठरवा: "मेसवरून आलो, की फोन कपाटात आणि कालच्या टेस्टमधली चुकलेली गणितं समोर." 'उद्यापासून मन लावून अभ्यास' या संकल्पाला वेळही नसते, जागाही नसते, तो टिकणार कसा?

एकवीस दिवसांत सवय लागते, यावरही विसंबू नका. लंडनमधल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने काही बिघडलं नाही. म्हणून खाडा पडला की सगळं सोडून देऊ नका.

खाडा पडल्यावर स्वतःला शिव्या घालणारे तर फार. जालना जिल्ह्यातल्या जांबचे रामदास मनाला उपदेश करायला बसले तेव्हा हाक मारली ती 'मना सज्जना' अशी. पुढे ते कान धरतात, पण आधी मनाला सज्जन म्हणतात. शेजारच्या पोराला समजवावं तसं स्वतःशी बोलून बघा. स्वतःला नावाने हाक मारली तरी ताण हलका होतो, असं प्रयोगांत दिसलं आहे.

एक मात्र ध्यानात ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, अन्न गोड लागेना, जगणंच नकोसं वाटू लागलं, तर तो आजार असू शकतो. त्याला इच्छाशक्ती कमी पडली असं म्हणू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, कुठल्याही वेळी लागतो आणि मराठीत बोलता येतं. घरातलं कुणी असं गप्प झालं असेल, तर त्याच्याजवळ बसून तुम्हीच फोन लावून द्या.