पावसाआधी पैशांची बेगमी: गोव्यातल्या फ्रीलान्सरसाठी तयारीची यादी

मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या सामानाची, खरेदी जोरात असते. सुक्या मिरच्या, सोले, चिंच, कांद्याच्या माळा, सुके बांगडे. ज्या घरात महिन्याचा पगार येत नाही, त्या घराने पैशांचेही पुरुमेत भरून ठेवायला हवे, आणि त्याची सुरुवात मेच्या बरीच आधी करायला हवी. लग्नांचे फोटो काढणारे, हॉटेलांच्या वेबसाइट सांभाळणारे, साउंड-लाइट लावणारे, इंटिरियर करणारे असे आपण बहुतेक जण सीझनवर जगतो. मे सरता सरता किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे पर्यटकांसाठीची तात्पुरती उपाहारगृहे, उतरतात, आणि त्यांच्या मागोमाग आपले फोनही कमी वाजू लागतात.

सुरुवात येण्यांपासून करा, तीही मार्चच्या पहिल्या आठवड्यात. कोणाकडे किती रक्कम, कोणत्या तारखेच्या बिलाची, एवढे एका कागदावर मांडा. एप्रिल-मेमध्ये आठवण केली तर ‘आता पाऊस संपल्यावर बघू’ हे उत्तर ठरलेले असते. मार्चमध्ये मात्र ग्राहकाच्या अकाउंटंटला 31 तारखेला हिशेब बंद करायचे असतात, आणि तेव्हा कायदा तुमच्या बाजूने असतो. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनच्या आधारे ती फुकट होते. कोणा एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी झालेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. शिवाय मुदत टळली की ग्राहकाला त्या खर्चाची आयकरातली वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. 1 एप्रिल 2024 पासूनच्या या नियमाची अकाउंटंटना चांगली जाणीव आहे. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापा. भांडायची गरज सहसा पडत नाही, क्रमांक दिसला की बिल वरच्या गठ्ठ्यात जाते.

मग आकडा काढा. नुसते ‘थोडे बाजूला टाकतो’ म्हणून काही साठत नाही. समजा घरखर्च महिन्याला 35,000 रुपये आहे. जून ते सप्टेंबर हे चार महिने सगळेच धरतात. पण ऑक्टोबरही धरा, कारण काम ऑक्टोबरात सुरू झाले तरी त्याचे पैसे हातात पडेपर्यंत नोव्हेंबर उजाडतो. पाच महिन्यांचे 1,75,000 झाले. मुलांची फी 30,000, आरोग्य विम्याचा हप्ता 18,000, चवथीचे, म्हणजे गणेशचतुर्थीचे, 20,000. एकूण 2,43,000. यातून पावसातली जी कामे अगदी पक्की आहेत, समजा 68,000 रुपयांची, ती वजा करा. उरले 1,75,000. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत वाटले तर दरमहा 25,000. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच ठेवा. चवथीला मात्र हात आखडून आकडा लिहू नका. माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचे) सामान, कपडे, गावच्या घरची वर्गणी, पाच दिवसांचा पाहुणचार हे सगळे आपण करतोच, आणि ते आनंदाने व्हावे म्हणूनच तर ही बेगमी. पाऊस लागण्याआधीची कौले आणि गळतीची दुरुस्तीही याच यादीत घाला.

खाती तीन ठेवा. एकात ग्राहकांचे सगळे पैसे जमा होऊ द्या, यूपीआयचेसुद्धा. तिथून दर महिन्याच्या 1 तारखेला ठरलेला ‘पगार’ घरखर्चाच्या खात्यात वळवा. डिसेंबरमध्ये चार लग्ने मिळाली तरी पगार तोच, आणि जुलैमध्ये एकही काम नसले तरी तोच. तिसऱ्या खात्यात बेगमी आणि कराचे पैसे ठेवा. त्याचे एटीएम कार्ड घेऊच नका. ही रक्कम कुठे ठेवता याला महत्त्व आहे. म्हापसा अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये रद्द केला, हे आपल्याकडे अनेक घरांना आठवत असेल. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेमागे 5 लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण असते, सहकारी बँकांनाही. पतसंस्थांना ते नसते. एखादा टक्का जास्त व्याजासाठी पावसाचे पैसे पतसंस्थेत ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कराची तयारी हा यादीतला सर्वांत दुर्लक्षित भाग, आणि गोव्याच्या सीझनशी त्याचा थेट संबंध आहे. वर्षाचा कर 10,000 रुपये किंवा त्याहून जास्त होत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो: 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत 45, 15 डिसेंबरपर्यंत 75 आणि 15 मार्चपर्यंत पूर्ण. पहिले दोन हप्ते नेमके पावसात येतात. पण अनुमानित उत्पन्नाची योजना निवडली तर सगळा आगाऊ कर 15 मार्चपर्यंत एकाच वेळी भरता येतो, म्हणजे सीझनच्या कमाईतून. 1961 च्या कायद्यात हे कलम 44एडीए होते. इंजिनियर, आर्किटेक्ट, इंटिरियर डेकोरेटर, तांत्रिक सल्लागार, सिनेमातले कॅमेरामन आणि एडिटर असे ठरावीक व्यवसाय त्यात येतात. त्यांच्या एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते. जमेची मर्यादा 50 लाख, आणि रोखीची जमा 5 टक्क्यांच्या आत असेल तर 75 लाख. तुमचा व्यवसाय यादीत बसतो की नाही, हे मार्चमध्ये सीएला गाठून ठरवून घ्या.

मोठी हॉटेले आणि कंपन्या व्यावसायिक फीवर साधारण 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, कापतात. तो तुमचाच पैसा आहे. नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांना ती कापलेली रक्कम परत मिळू शकते. कापणाऱ्याने शेवटच्या तिमाहीचे विवरण 31 मेपर्यंत द्यायचे असते. जूनच्या मध्यावर 26एएस, म्हणजे तुमच्या नावे कापलेल्या कराचा आयकर खात्याकडचा उतारा, उघडा, प्रत्येक बिलाची कपात त्यात दिसते का पाहा, आणि शेवटच्या तारखेची वाट न बघता रिटर्न भरा. परतावा हातात लवकर यावा तर पावसातच.

आरोग्यासाठी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड चालू आहे का तपासा. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला 2.5 लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला 4 लाखांचे संरक्षण मिळते. त्याच्या जोडीला स्वतःचा विमा हवाच. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला आहे, तेव्हा पुढे ढकललेला निर्णय आता घ्या. लेन्सना बुरशी धरू नये म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेल, वळवाच्या विजांआधी चांगला सर्ज प्रोटेक्टर आणि यूपीएस. ही खरेदी मेमध्येच उरका.

पावसात हात रिकामे राहू नयेत म्हणून एप्रिलपासूनच पुण्या-मुंबईचे किंवा परदेशातले ग्राहक शोधा. त्यांच्या कामाला ऋतू नसतो. वर्षाची जमा 20 लाखांपलीकडे जाणार असेल तर जीएसटी नोंदणीचे आधीच बघा. बाहेरदेशी सेवा देताना एलयूटी (जीएसटी खात्याला द्यायचे हमीपत्र) भरून ठेवले की बिलावर कर लावावा लागत नाही.

चवथ आटोपली की नवे दरपत्रक तयार ठेवा. डिसेंबरच्या तारखा ऑक्टोबरातच मागितल्या जातात, आणि जुन्या दराने होकार दिला की नंतर वाढवता येत नाही. तारीख धरायला निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली फाइल्स हाती देण्याआधी, आणि तारीख रद्द झाली तर आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, हे तिन्ही कोटेशनवरच लिहा. ओळखीच्या माणसालाही तेच कोटेशन पाठवा.