जुने कपडे "देऊन टाकायच्या" आधी हे करा

दिवाळीची साफसफाई आली की कपाटातून जुन्या कपड्यांची गाठोडी निघतात आणि सगळं एकाच पिशवीत कोंबून वॉचमनकाकांना नाहीतर कामवाल्या मावशींना दिलं जातं. प्लीज असं करू नका. फाटकं, डागाळलेलं, इलॅस्टिक गेलेलं सगळं त्यांना निवडत बसावं लागतं आणि उरलेलं शेवटी कचऱ्यातच जातं. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदत म्हणून आलेल्या कपड्यांचे असेच ढीग पडून राहिले होते, नंतर गूंज संस्थेने ते निवडून कामाला लावले.

तर आधी तीन ढीग करा: घालण्यासारखे, कापड चांगलं पण कपडा गेलेला, आणि चिंध्या.

घालण्यासारखे कपडे धुवून, चेन-बटणं बघून, घडी घालून द्या. सलवार, कमीज, ओढणी एकत्र बांधा, सुटी सलवार कुणाच्या उपयोगाची नाही. वापरलेले आतले कपडे देऊच नका. गूंज 1999 पासून हे काम करतेय, पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेचे लोक कलेक्शन ड्राइव्ह घेतात, पण जायच्या आधी फोन करून सध्या काय घेताय ते विचारा. आणि तुमच्याकडे बोहारीण अजून येत असेल तर तिलाही जरूर द्या, फक्त एका पातेल्यासाठी घासाघीस करू नका, ते कपडे धुवून, शिवून, बाजारात बसून विकायची मेहनत तिची असते.

दुसऱ्या ढिगातल्या मऊ सुती साड्या आणि चादरी गोधडीसाठी ठेवा. साड्यांचे थर सुरकुती न पडता अंथरायचे, आधी मोठे कच्चे टाके घालून घ्यायचे आणि मग कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं. सिंथेटिक साडी आत घालू नका, ती सरकते आणि गोळा होते. स्वतःला जमत नसेल तर गोधड्या शिवून देणाऱ्या बायका बऱ्याच गावांत आहेत, कापड आपण द्यायचं आणि मजुरी नीट द्यायची.

सुती की पॉलिस्टर कळत नसेल तर एक दोरा चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा, सुती कागदासारखा जळतो आणि राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

चिंध्यांमधे सुती बनियन, टीशर्ट पुसायला बेस्ट, जास्त असतील तर ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारा. जुने टॉवेल, चादरी प्राण्यांच्या शेल्टरला चालतात, तेही विचारूनच. स्वेटर मात्र चिंध्यांत टाकू नका, पानिपतला जुने लोकरी कपडे रंगाप्रमाणे वेगळे करून, फाडून, परत सूत काढून ब्लँकेट बनवतात. काहीही ओल्या कचऱ्यात मिसळू नका, एकदा खरकटं लागलं की ते कुणीच घेत नाही.

खरा प्रॉब्लेम पॉलिस्टरचा आहे, फाटलं की त्याचं घरी फारसं काही होत नाही, म्हणून ते घेतानाच हात आखडता घ्या. एका हळदीसाठी पूर्ण खानदानाला सेम कुर्ते कशाला हवेत? लग्नाचा शेरवानी, घागरा भाड्याने मिळतो. आणि शिवायला टाकाल तेव्हा शिंप्याला सांगा की ब्लाउजच्या शिवणीत दोन्हीकडून माया (आत जास्तीचं कापड) ठेव आणि पोरांच्या पँटला खाली जास्तीची दुमड ठेव, उंची वाढली की उसवून परत वापरता येते.