कंपनीनं ब्रेक दिलाय? ईएसआयकडून बेरोजगारीचे पैसे कसे मागायचे

आकुर्डीत कामगार संघटनेच्या कार्यालयात मी संध्याकाळी लोकांचे अर्ज भरून देतो. चाकण, भोसरी, तळवड्याची पोरं येतात. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) म्हणजे दवाखाना, एवढंच त्यांच्या डोक्यात असतं. नोकरी गेल्यावरही त्याच कार्डावर पैसे मिळतात, हे सांगितलं की आधी कुणाचा विश्वासच बसत नाही. योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ ला सुरू झाली आणि मुदतवाढीवर चालते, म्हणून सध्याची मुदत ईएसआयच्या शाखेत विचारून घ्या.

सगळ्यात आधी: राजीनामा लिहून देऊ नका. एचआरवाला गोड बोलतो, "राजीनामा टाक, हिशेब लगेच करतो." तो कागद दिलात की तुम्ही स्वतःहून नोकरी सोडली, असा अर्थ निघतो आणि स्वतःहून सोडणाऱ्याला इथे काही मिळत नाही. गैरवर्तनावरून काढलेल्याला नाही, निवृत्त झालेल्याला नाही, स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यालाही नाही. त्यामुळे कामावरून कमी केल्याचं पत्र मागा. पत्र देत नसतील तर "उद्यापासून येऊ नको" हा व्हॉट्सॲप मेसेजसुद्धा जपून ठेवा.

मग ईएसआयच्या पोर्टलवर विमा क्रमांकानं लॉगिन करून वर्गणीचा, म्हणजे पगारातून कापून भरलेल्या पैशांचा, तक्ता काढा. सगळा खेळ या तक्त्यावर आहे. वर्षाच्या दोन सहामाही धरतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. विम्याखाली किमान दोन वर्षं झालेली हवीत, नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन सहामाहींपैकी एकीत पुन्हा ७८ दिवस.

ठेकेदाराकडच्या पोरांचं घोडं इथेच अडतं. सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळतो, नवा ठेकेदार येतो आणि जुना क्रमांक न विचारता नवं कार्ड काढून मोकळा होतो. माणूस एकच, गेट तेच, पण कागदावर दोन माणसं. दोन्ही क्रमांक, आधार आणि दोन्हीकडच्या पगाराच्या स्लिपा घेऊन शाखेत जा आणि क्रमांक जोडून देण्याचा लेखी अर्ज द्या. हे दाव्याच्या आधी करा, नंतर नाही. स्लिपेत ०.७५ टक्के कापलेले दिसतात पण तक्त्यात तो महिनाच नाही, असंही होतं. म्हणजे ठेकेदारानं पैसे कापले, पण भरले नाहीत. त्याची तक्रार स्लिपांच्या झेरॉक्स जोडून वेगळी द्या. पुण्यात असाल तर बिबवेवाडीच्या कार्यालयात.

दावा बेरोजगारीचे ३० दिवस झाल्यावर करता येतो. अर्ज पोर्टलवर भरायचा, आधार आणि पासबुकाची प्रत जोडायची. मालकाची सही लागत नाही, त्यामुळे त्याच्या पाया पडायला जाऊ नका. पासबुक मात्र नीट बघा. देना बँकेचं जुनं पासबुक अजून पुष्कळांकडे असतं. ती बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, जुना आयएफएससी टाकलात तर पैसे अडकतात. आधारवर "ज्ञानेश्वर" आणि कार्डावर "माऊली" असलं तरी तेच.

किती मिळतात? चार सहामाहींची एकूण कमाई भागिले ७३०, हा दिवसाचा सरासरी पगार. त्याचे ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. दोन वर्षं सलग महिना १८,००० मिळाले असतील तर ४,३२,००० भागिले ७३०, म्हणजे साधारण ५९२. त्याचे निम्मे २९६ आणि ९० दिवसांचे साधारण २६,६००. घर चालत नाही यावर, पण खोलीभाडं तरी निघतं.

आता नकाराचं. खिडकीवरचा माणूस "बसत नाही तुमचं" म्हणाला, तर तो नकार नव्हे. कारण लेखी मागा. देत नसतील तर स्वतःच साधा अर्ज लिहा, "माझा दावा कोणत्या अटीवर नाकारला ते कळवावे", आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय हलू नका. कारण हातात आलं की तेवढ्यालाच उत्तर द्या. दिवस कमी म्हणाले तर तक्ता आणि स्लिपा, राजीनामा म्हणाले तर ते पत्र किंवा मेसेज. अन्यायाची कहाणी चार पानं लिहून फाइल पुढे सरकत नाही.

शाखेत दाद लागली नाही तर वरच्या कार्यालयात लेखी द्या. सोबत केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रार टाका. ती नुसतं "निकाली" लिहून बंद केली, तर ३० दिवसांत तिथेच अपील करता येतं, आणि ते कराच. शिवाय १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकून आपल्या दाव्यावरच्या टिपणीची प्रत मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. माझा अनुभव असा की प्रत मागितली की फाइल उघडते तरी.

कारखानाच बंद पडला असेल किंवा कायदेशीर कपातीत नाव गेलं असेल, तर हा अर्ज भरण्याआधी थांबा. त्यासाठी २००५ पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना वेगळी आहे आणि ती २४ महिन्यांपर्यंत जाते: पहिली १२ महिने ५० टक्के, पुढची १२ महिने २५ टक्के. शाखेत तिचं नाव घेऊन विचारा.